याचा कार्बन कुठे असतो?

आमच्या बाई माणसांना त्यांच्या टायपिंगच्या वेगावरून ओळखत. नावं लक्षात राहत नसत असं नाही, पण नावाची त्यांना गरजच वाटत नसे. पालघरला कचेरीजवळ त्यांचा टायपिंगचा क्लास होता आणि तालुक्यातल्या दोन पिढ्या तिथे खडखडाट करून गेल्या होत्या. मिनिटाला तीस शब्दांची सरकारी परीक्षा दिलेला माणूस बाईंच्या लेखी जन्मभर 'तीस' राहायचा. असाच एक तीस पुढे बँकेत मॅनेजर झाला, त्याला टक्कल पडलं, नातू झाला, तरी रस्त्यात भेटला की बाई छत्री टेकवून विचारायच्या, "काय हो तीस, पाठ अजून वाकडीच का?" आणि मॅनेजरसाहेब बायकोच्या देखत पाठ सरळ करायचे. तहसील कचेरीत एक 'चाळीस' होते, कोर्टात दोन 'तीस' होते, आणि बोईसरच्या कारखान्यांत किती विखुरले होते त्याला गणती नव्हती. एक गृहस्थ 'तीस, तेही तिसऱ्यांदा' होते. ते बाई समोरून येताना दिसल्या की औषधाच्या दुकानात शिरायचे.

मी 'पन्नास'. वडील तारापूरच्या अणुकेंद्रात नोकरीला, म्हणून आम्ही नगरकडून इकडे आलो. ते निवृत्त झाल्यावर पालघरला दोन खोल्या घेऊन राहिलो. मी बी. कॉम. झाले, बाईंकडे टायपिंग शिकले, आणि परीक्षेचा निकाल लागला त्या दिवशी बाई म्हणाल्या, उद्यापासून शिकवायला बस. माझी नेमणूक एवढ्याच शब्दांत झाली. पुढे अकरा वर्षं मी तिथे होते.

बाईंची उंची पाच फुटांच्या जरा आतच. खळ घातलेली सुती साडी, खांद्यावर पिन करून घट्ट बसवलेला पदर, हातात बारा महिने छत्री. मनगटावरचं घड्याळ त्या तबकडी आतल्या बाजूला येईल असं बांधत. एकदा कारण विचारलं तर म्हणाल्या, माझी वेळ दुसऱ्याने कशाला बघायची. लग्न केलेलं नव्हतं. का केलं नव्हतं ते पालघरात कुणालाही माहीत नव्हतं, आणि पालघरात असं काही माहीत नसणं सोपं नाही.

क्लासचा अर्धा धंदा शिकवण्याचा आणि अर्धा लोकांचे कागद टाइप करून देण्याचा. कचेरी आणि कोर्ट हाकेच्या अंतरावर. त्यामुळे सकाळपासून माणसं हाताने लिहिलेले कागद घेऊन बाकावर बसलेली असत. जमिनीचे अर्ज, वारसाचे अर्ज, सासऱ्याला नोटीस, नवऱ्याविरुद्ध तक्रार, साहेबाविरुद्ध निनावी पत्र. तालुक्यात कुणाचं काय बिनसलंय हे पोलिसांच्या आधी बाईंना कळे, आणि बाईंच्या पुढे ते जात नसे.

"कार्बन पेपर चुगलखोर असतो," असं त्या नव्या मुलींना पहिल्याच दिवशी सांगत. वापरलेला कार्बन उजेडात धरला की टाइप केलेलं सगळं वाचता येतं. म्हणून दर शनिवारी दुपारी आठवड्याचे कार्बन मागच्या अंगणात लोखंडी घमेल्यात जाळले जायचे, आणि शेवटचा तुकडा राख होईपर्यंत बाई जागच्या हलायच्या नाहीत. टाइपरायटरच्या जुन्या फितींचे कात्रीने इंच इंच तुकडे करून तेही त्यातच. शेजारच्या काकू शनिवारी पापड वाळत घालायच्या आणि पापडांवर काजळी बसायची. हे भांडण मी यायच्या आधीपासूनचं होतं. शेवटी काकूंनी पापडांचा वार बदलला, कारण बाई कार्बनचा वार बदलेनात.

एका वर्षी ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत एका उमेदवाराने दुसऱ्याविरुद्धचा तक्रारअर्ज बाईंकडून टाइप करून नेला. दुसऱ्याच दिवशी विरुद्ध बाजूचा माणूस हजर. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्याने हळूच विचारलं, कालचा कार्बन मिळेल का. मला वाटलं बाई त्याला छत्री दाखवतील. पण त्यांनी त्याला पाणी दिलं, आत गेल्या आणि चाळीस-पन्नास कार्बनचा गठ्ठा आणून त्याच्या हातात ठेवला. म्हणाल्या, यातला कुठला ते मला नाही सांगता येणार, तुमचं तुम्ही शोधा. ते सगळे नवशिक्या पोरींच्या पहिल्या धड्याचे कार्बन होते. तो माणूस आणि त्याचे चार कार्यकर्ते दोन दिवस खिडकीशी बसून 'क क क म म म' वाचत होते म्हणे. तिसऱ्या दिवशी तो परत आला आणि ही सांकेतिक भाषा वाचणारा कुणी ओळखीचा आहे का, असं बाईंनाच विचारू लागला.

केळव्याकडच्या दोन भावांचं तर मी डोळ्यांनी पाहिलं. दोघांचं बांधावरून भांडण. थोरला सोमवारी आला, धाकटा मंगळवारी. दोघांनाही एकमेकांविरुद्ध तहसीलदारांना अर्ज द्यायचे होते. बाईंनी एकाला दुसऱ्याचा पत्ता लागू न देता दोन्ही अर्ज टाइप केले. पुढे कचेरीत दोघांनी एकमेकांचे अर्ज वाचले आणि दोघं मिळून बाईंवर चालून आले. थोरल्याचं म्हणणं असं की धाकट्याच्या अर्जात 'अत्यंत निर्दयपणे' असे शब्द आहेत, माझ्या अर्जात का नाहीत. बाईंनी सांगितलं, तुम्ही लिहून आणले नव्हते. थोरला म्हणाला, "मी नसेल लिहिलं. पण तो निर्दय आहे हे तुम्हाला दिसत होतं ना?" यावर धाकट्याला हसू फुटलं. मग थोरल्यालाही आलं. बाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी दोघांना ओळीने उभं करून सांगितलं की इथे ज्याचे शब्द त्यालाच मिळतात.

अशा बाईंकडे एक्याण्णव-ब्याण्णवच्या सुमाराला कॉम्प्युटर आला. बोईसरच्या एका रंगाच्या कारखान्याने नवी यंत्रं घेतली आणि तिथल्या खरेदी विभागातल्या एका चाळीसाने जुन्यांतलं एक क्लासला मिळवून दिलं. बाईंना ते नको होतं. पण मुलं आता कॉम्प्युटर आहे का विचारून परत जाऊ लागली होती, आणि मीही मागे लागले होते. काळा पडदा, हिरवी अक्षरं, शेजारी करवतीसारखा आवाज करणारा प्रिंटर. सगळी जोडणी झाल्यावर बाई त्याच्याभोवती एक फेरी मारून आल्या आणि जोडणाऱ्या माणसाला म्हणाल्या, "याचा कार्बन कुठे असतो?"

तो म्हणाला, याला कार्बन नसतो. बाईंनी विचारलं, मग केलेलं काम जातं कुठे. तो घाईत होता. बंद केलं की सगळं जातं, असं सांगून तो निघून गेला. बाईंचा त्याच्यावर विश्वास बसला नाही. त्यांनी पहिल्यांदा यंत्राच्या पत्र्याच्या डब्यावर पांढऱ्या ऑइलपेंटने क्लासचं नाव आणि पत्ता लिहिला. क्लासच्या प्रत्येक टाइपरायटरवर, खुर्चीवर आणि घमेल्यावरसुद्धा तो होता. मग नियम केला: कागद छापून झाला, गिऱ्हाइकाच्या हातात पडला, की यंत्रातलं पुसायचं, आणि पुसताना बाई माझ्या मागे उभ्या राहणार. तशा त्या सहा वर्षं उभ्या राहिल्या. पडद्यावरची अक्षरं गेली की "झालं" म्हणायच्या आणि जागेवर जायच्या.

पडद्यावरून गेलं म्हणजे यंत्रातून गेलं असं नाही, हे मला पहिल्या महिन्यातच समजलं होतं. पुढे दुरुस्ती निघेलसं वाटणारे कागद मी आधी आत साठवून ठेवायचे आणि मग बाईंसमोर पडदा कोरा करायचे. यात माझा काही डाव नव्हता. लोक दुसऱ्या दिवशी येऊन म्हणायचे, यात आजोबांचं नाव चुकलं, हा गट नंबर बदला. टाइपरायटरवर सगळं पान पुन्हा करावं लागे. साठवलेलं असलं की दोन मिनिटांत काम. बाईंना वाटायचं पोरीच्या हाताला काय वेग आलाय. त्या येणाऱ्या-जाणाऱ्यांना माझं कौतुक सांगायच्या, आणि ते ऐकताना मी कागद सरळ करत बसायचे.

अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात एका दुपारी वीज गेली, आली, पुन्हा गेली, आणि तिसऱ्यांदा आली तेव्हा डब्यातून फट्ट असा आवाज होऊन जळका वास सुटला. बोईसरहून दुरुस्तीवाला बोलावला. त्याने झाकण काढलं, आत फुंकर मारली आणि हे यंत्र संपलं म्हणून सांगितलं. बाईंना फारसं दुःख झालेलं दिसलं नाही. पण त्याला वाटलं की झालंय, म्हणून तो धीर द्यायला गेला.

"काळजी करू नका, बाई. आतली डिस्क चांगली आहे. तुमचं सगळं शाबूत आहे."

"सगळं म्हणजे काय?"

"इतक्या वर्षांत जे जे साठवलं असेल ते. दुसऱ्या मशीनला लावलं की कुणीही वाचेल."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे बघितलं. दुरुस्तीवाला आणखी धीर देत राहिला. डिस्क मुंबईला दिली तर एका दिवसात सगळं काढून देतात, अगदी पुसलेलंसुद्धा. आपण बाईंना कसं दिलाशाचं बोललो, या आनंदात तो पडदा सुट्या भागांसाठी घेऊन गेला. जाताना त्याने एवढं बजावलं की पडद्याची काच फोडू-बिडू नका हं, आतला दाब वाईट असतो.

तो गेल्यावर बाईंनी बॅच सोडून दिली आणि दाराला आतून कडी घातली. मी रडत रडत सगळं सांगितलं. आता त्या मला काढतील याची मला खात्री होती. घरात माझ्या पगाराची गरज होती, पण त्याहून मला त्यांचं मागे उभं राहून "झालं" म्हणणं आठवत होतं. बाईंनी एक कोरा कागद माझ्यापुढे सरकवला आणि ज्यांचे ज्यांचे कागद आत आहेत त्यांची नावं लिहायला सांगितली. विषय लिहायचा नाही, फक्त नावं. त्रेचाळीस निघाली. माझ्या आठवणीत बाईंनी माणसांची नावं वाचली ती त्या दिवशी पहिल्यांदा.

आधी भंगारवाल्याला विचारून झालं. तो बोईसरचा, उत्तर प्रदेशातून आलेला, मोकळा माणूस. बाईंनी विचारलं, हे नेऊन तू काय करणार. त्याने प्रामाणिकपणे सांगितलं, "मॅडम, तांबा निकालूंगा, डब्बा तोडूंगा. डिस्क बंबई जाता है, उधर चालू करके बेचते हैं।" बाईंनी त्याला लिंबाचं सरबत पाजून वाटेला लावलं.

मग शनिवारच्या घमेल्यात प्रयोग झाला. कार्बनच्या जोडीला सगळा डबाच रॉकेल ओतून पेटवला. प्लास्टिकच्या धुराने काकूंच्या घरातली माणसं खोकत बाहेर आली आणि काकूंनी बादलीभर पाणी आणून सरळ डब्यावर ओतलं. वरचा रंग थोडा फुगला. क्लासचं नाव आणि पत्ता मात्र तसाच, उलट धुऊन निघाल्यासारखा.

तेव्हा बाईंनी समुद्राचं ठरवलं. मला ते बरं वाटत नव्हतं, पण त्या दिवसांत मी काही म्हणण्यासारख्या जागेवर नव्हते. डबा जुन्या साडीत गुंडाळला आणि आम्ही दोघी बोईसरहून किनाऱ्यावरच्या दांडी गावच्या एस.टी.त बसलो. कंडक्टरने विचारलं, गाठोड्यात काय आहे. बाई म्हणाल्या, पत्रव्यवहार. दुपारच्या भरतीला आम्ही गावापासून लांब, खडकांवर गेलो. साडी परत न्यायची म्हणून बाईंनी ती सोडून घेतली, आणि दोघींनी डबा झोका देऊन पाण्यात टाकला. बुडबुडे आले, थांबले. बाई "झालं" म्हणाल्या आणि परतीच्या गाडीत त्यांना छान झोप लागली.

चौथ्या दिवशी सकाळी तिसाची बॅच चालू असताना दारात एक उंच, काळासावळा माणूस उभा राहिला. खांद्यावर डबा. डब्यातून शेवाळ लोंबत होतं आणि आत बहुधा एक खेकडा होता, कारण पोरी एकदम बाकांवर चढल्या. त्याने डबा बाईंच्या टेबलावर ठेवला.

"हा तुमचाच ना, बाय? वर नाव हाय."

बाईंना नाही म्हणता येईना. नाव होतंच, पत्त्यासकट. मग त्याने सांगितलं की याच्यापायी त्याचं जाळं फाटलं. आवाज चढवला नाही, पण शब्दही गिळले नाहीत. "दर्यात काय टाकू नका, बाय. आमी त्याच्यावर जगताव. आदीच कारखान्याचा पाणी येतोय, त्यात तुमी शिकलेली मानसा अशी करताव. तुमी टाकला आनि तो आमच्या जाल्यात आला. तुमाला वाटला गेला. जात नाय काय."

अख्ख्या बॅचसमोर बाई उठून उभ्या राहिल्या आणि त्यांनी त्याची माफी मागितली. बाईंनी कुणाची माफी मागितलेली मी पाहिली नव्हती. बॅचमधल्या मुली तर खेकडा विसरून बाकांवरून खाली उतरल्या. त्याला बसवून, त्याच्या होडीच्या परवान्याचा जो अर्ज कित्येक महिने अडला होता तो बाईंनी स्वतः टाइप करून दिला. पुढे दांडीहून येणाऱ्या कुणाचाही अर्ज असला तरी त्या तो दुसऱ्या कुणाला करू देत नसत.

शेवटी जमलं ते बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये. मालक बाईंचा तीस. पण काम केलं ते त्याच्याकडच्या बिहारी टर्नरने. त्याने चार स्क्रू काढून डब्यातली डिस्क वेगळी केली आणि तिचं झाकण उघडलं. आत दोन चकत्या, आरशासारख्या लखलखीत. बाई चष्मा वर करून वाकल्या. त्यांना त्यात स्वतःचं नाक दिसलं असणार.

"एवढ्यात त्रेचाळीस माणसं?" त्यांनी मला विचारलं.

मी म्हटलं, आणखी हजारो मावतील. बाईंनी त्या चकत्यांकडे जरा आदराने पाहिलं असं मला वाटलं. मग पदर खोचला आणि टर्नरला सांगितलं की हे मी करणार. तो नको नको म्हणत होता. बाई हटेनात तेव्हा त्याने स्वतःचा मोठा गॉगल त्यांच्या चष्म्यावर चढवला, त्यांचे हात धरले आणि म्हणाला, "अम्मा, डरना नहीं, बस हल्के से टिकाना।" ग्राइंडरच्या चाकावर चकती टेकली, चंदेरी भुग्याचा फवारा उडाला आणि पाच फुटांच्या आतल्या आमच्या बाई त्या गॉगलमध्ये एखाद्या वैमानिकासारख्या दिसू लागल्या. दोन्ही चकत्यांची चकाकी घासून जाईपर्यंत त्यांनी हात काढला नाही. नंतर टर्नरने चकत्यांना भोकं पाडली, चार तुकडे केले आणि स्वतःच्या भंगाराच्या ढिगात टाकले. उरलेला पत्र्याचा डबा आम्ही त्या भंगारवाल्याला बोलावून देऊन टाकला. आता तो कुठेही गेला तरी चालण्यासारखं होतं.

मला वाटलं, संपलं. दुसऱ्या दिवशी बाईंनी ती नावांची यादी माझ्या हातात दिली.

प्रत्येकाच्या घरी जायचं आणि सांगायचं, असा हुकूम होता. काय सांगायचं तेही टाइप करून दिलं होतं. 'आपला एक कागद आमच्याकडील कॉम्प्युटरमध्ये आपणास न विचारता ठेवला गेला होता. तो आता नष्ट केला आहे. तो कुणीही वाचलेला नाही. चूक आमची आहे.' याच्या पुढे-मागे एक शब्द बोलायचा नाही. मी म्हटलं, आता कुणाला कळणार आहे. बाई म्हणाल्या, मला कळलंय.

ही माझी शिक्षा होती, पण तिने माझ्यापेक्षा इतरांचेच जास्त हाल झाले. पहिल्याच घरी, एका कारकुनांकडे, दार त्यांच्या बायकोने उघडलं. मागून ते आले. मी चार वाक्यं म्हटली. बायकोने विचारलं, "कसला कागद?" मी गप्प. कारकून घामाघूम. बायकोने तोच प्रश्न नवऱ्याकडे वळवला, आणि तिने आणखी काही विचारायच्या आत त्यांनी सांगून टाकलं की पाच वर्षांपूर्वीची जव्हारची बदली सरकारने केली नव्हती, आपणच अर्ज करून मागून घेतली होती. तेव्हा सासूबाई राहायला आल्या होत्या. मी चपला घालेपर्यंत आतून भांडी वाजायला लागली.

हे बाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी हुकुमात दुरुस्ती केली: घरी न जाता माणूस एकटा असेल तिथे गाठावं. मग मी लोकांना भाजीच्या गाडीपाशी, देवळामागे, दाढीच्या दुकानाबाहेर गाठू लागले आणि गावात माझ्याविषयी नाही नाही ते बोललं जाऊ लागलं. बहुतेकांना आपला कागद आठवतच नव्हता. एक जण म्हणाले, मी दिलेली नोटीस नष्ट झाली तर आता मला भाडेकरू ठेवावा लागेल का. एक निवृत्त शिक्षक होते, त्यांनी नव्वद पानांचं आत्मचरित्र माझ्याकडून करून घेतलं होतं. घरची प्रत वाळवीने खाल्ली होती आणि आमच्याकडे ते असेल हे त्यांना ठाऊकच नव्हतं. मी चार वाक्यं म्हटल्यावर ते खुर्चीत मागे टेकले. मला वाटलं आता यांना काही होतं. ते म्हणाले, "पूर्ण गेलं?" मी मान हलवली. "बरं झालं," ते म्हणाले. "फार थापा मारल्या होत्या हो मी त्यात."

यादीतलं शेवटचं नाव विक्रमगडच्या पलीकडल्या एका पाड्यावरच्या बाईचं होतं. डोंगरउतारावरचा कसत असलेला तुकडा नावावर व्हावा म्हणून तिने आणि नवऱ्याने अर्ज करून घेतला होता. पाड्यावर कुणी नव्हतं. पावसाची शेती आटपली की ती माणसं कामाला बाहेर पडत. तीन खेपा घालून ती मला वैतरणा खाडीच्या काठी वीटभट्टीवर सापडली. माती मळत होती. मी पाठ केलेली वाक्यं म्हटली. ती हात तसेच धरून माझ्याकडे बघत राहिली.

"कागुद जालला?" ती म्हणाली. "मंग जमीन गेली ना आमची?"

तिचा नवरा वीट खाली ठेवून आला. बाईंचा नियम मी तिथे मोडला. पुढचे-मागचे सगळे शब्द बोलले, तीनतीनदा सांगितलं की तुमचा अर्ज कचेरीत आहे, आमच्याकडे होती ती नुसती नक्कल. पण ती एकदा 'जालला' असं समजली होती. तिच्या हातावरची माती वाळेपर्यंत आम्ही तिघं तिथेच उभे होतो.

परत येऊन मी बाईंना म्हटलं की ही शिक्षा मला द्यायची होती तर मला द्यायची, त्या लोकांना का दिली. एवढं मी त्यांना कधी बोलले नव्हते. बाई उठल्या, छत्री घेतली आणि तशाच कचेरीत गेल्या. तिथल्या चाळीसाला त्यांनी दोन दिवस गठ्ठे उपसायला लावले. अर्ज सापडला. सगळ्या गठ्ठ्यांच्या तळाशी, त्यावर कुणीच काही केलेलं नव्हतं. बाईंनी त्यावर आवक क्रमांक पाडून घेतला, शिक्का मारलेली नक्कल करून घेतली आणि ती द्यायला वैतरण्याला स्वतः गेल्या, मला न घेता. तो तुकडा त्या दोघांच्या नावावर व्हायला पुढे फार वर्षं लागली, पण त्या दिवसापासून अर्ज गठ्ठ्याच्या वर राहिला. बाई दर महिन्याला जाऊन बघायच्या.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी आमच्या दाराची कडी वाजली. मी दार उघडलं तर पायरीवर बाई उभ्या. इतक्या वर्षांत त्या आमच्या घरी कधी आल्या नव्हत्या. मी आत या म्हटलं. त्या आत आल्या नाहीत. छत्री टेकवून, सरळ उभ्या राहून त्यांनी सुरुवात केली.

"आपला एक कागद आमच्याकडील कॉम्प्युटरमध्ये आपणास न विचारता ठेवला गेला होता. तो आता नष्ट केला आहे. तो कुणीही वाचलेला नाही. चूक आमची आहे."

मला आधी काही उमगेचना. मी विचारलं, "माझा? कसला कागद?"

"तुला कामावरून काढल्याचं पत्र."

मग त्यांनी सगळं सांगितलं, पायरीवरूनच. दोन वर्षांपूर्वी मासळीबाजारात मी एका मैत्रिणीला एका मुलीचं मोडलेलं लग्न सांगत होते. त्या मुलीच्या वडिलांचं पत्र मीच टाइप केलेलं होतं. बाई माझ्या मागे बोंबील घेत होत्या. त्या वेळी त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मला ताप आला, मी दोन दिवस गेले नाही, आणि त्या दोन दिवसांत बाई कॉम्प्युटरपुढे बसल्या. माझं बघून बघून त्यांना तेवढं येत होतं. पत्र लिहून झाल्यावर यंत्राने विचारलं, ठेवू का? बाई हो म्हणाल्या. मग ते त्याच्याकडून परत कसं काढून घ्यायचं ते त्यांना समजेना, आणि मला विचारता येईना.

यंत्रात साठवलेल्या कागदांच्या यादीत ते मी दोन वर्षं रोज बघत होते. नाव म्हणून नुसते चार 'ए'. मला वाटायचं कुणीतरी पोरगी बोटं आपटून गेली असेल. म्हणून मी ते कधी उघडलंच नव्हतं.

मला लाज वाटली, रागही आला. बाजारातलं माझं बोलणं कुणाला माहीत नाही अशा समजुतीत मी दोन वर्षं त्यांच्यासमोर वावरले होते. मी विचारलं, मग ते पत्र मला दिलं का नाहीत.

"छापायचं यंत्र तुलाच चालवता येतं."

"टाइपरायटरवर करायचं. तुम्हाला पाच मिनिटंसुद्धा लागली नसती."

"टाइपरायटरवर केलं असतं तर द्यावं लागलं असतं," बाई म्हणाल्या. मग चपला काढून आत आल्या, माझ्या आईला नमस्कार केला आणि म्हणाल्या की चहा टाकलेला असेल तर अर्धा कप चालेल.